बायपासनंतरचे बारा आठवडे : घरी काय, कोणत्या क्रमानं करायचं आणि छातीतलं कोणतं दुखणं अंगावर काढायचं नाही

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. बायपासचा पेशंट घरी आला की तीन-चार दिवसांत बोलावणं येतं, आणि दार उघडल्यावर दिसणारं चित्र फारसं बदलत नाही. काका पलंगावर, कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग, डिस्चार्जचा कागद फाईलमध्ये घडी न मोडलेला, आणि मुलगा मोठ्या प्रेमानं दोन्ही दंड धरून त्यांना ओढून बसवतोय. चपला काढायच्या आधीच मला "अहो, ओढू नका" म्हणावं लागतं.

घरचे लोक हृदयाला जपतात. जिना नको, मोठ्यानं बोलू नका, पंख्याखाली बसू नका. पण हृदयावरचं काम टेबलावरच उरकलेलं असतं. घरी आल्यावर जे जुळायचं असतं ते छातीचं मधलं हाड. हृदयापर्यंत पोचण्यासाठी हे हाड वरपासून खालपर्यंत उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. पाय मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छातीला तशी सोय नाही, कारण दर श्वासाला ती हलणारच. सहा ते आठ आठवड्यांत हाड बरंचसं सांधतं, पुरतं पक्कं व्हायला साधारण बारा आठवडे लागतात. मधुमेह, जास्त वजन, तंबाखू, खूप वय यांपैकी काही असेल तर आणखी वेळ लागतो.

हा लेख मधलं हाड उभं कापून झालेल्या ऑपरेशनासाठी आहे, मग ती बायपास असो की झडप बदलणं. बरगड्यांमधून छोट्या छेदानं झालेल्या ऑपरेशनाचे नियम वेगळे असतात. आणि शेजारचे जे काका "मी तर चौथ्या दिवशी दुकानात गेलो" असं सांगतात, त्यांना बहुधा स्टेंट बसवलेला असतो. त्यांची छाती उघडलेलीच नसते. त्यांच्याशी तुलना करू नका. तुमच्या सर्जननं कागदावर काही वेगळं लिहून दिलं असेल तर ते पाळा.

## १. पेशंट घरी येण्याआधी

दवाखान्यात साधारण आठवडाभर मुक्काम होतो. त्यातले शेवटचे दोन दिवस घर लावायला वापरा. घरी आल्यावर धावपळ केली की चुका होतात.

पलंग लागेल. जमिनीवरच्या गादीवरून उठताना दोन्ही हातांवर सगळा भार येतो, आणि नेमकं तेच टाळायचं आहे. पलंगाची उंची गुडघ्याएवढी किंवा बोटभर जास्त असू द्या. पाठीशी रचायला तीन-चार उशा ठेवा. बसायला हात असलेली सरळ पाठीची खुर्ची हवी. खोल सोफा नको, त्यातून उठता येत नाही. देशी पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं आणा. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणि पायाखाली न घसरणारी चटई ठेवा. चष्मा, पाणी, फोन, गोळ्या या गोष्टी कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर ठेवा. फडताळाच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखाली नकोत.

विकत घ्यायच्या वस्तू चारच : डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, बीपीचं मशीन आणि एक लहान, घट्ट उशी. बरेच दवाखाने ही उशी देतातच. पाचवी वस्तू म्हणजे साधी वही.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. घरातल्या जुन्या गोळ्या वेगळ्या डब्यात घालून तो डबा नजरेआड करा. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी मिळतं. ऑपरेशनाआधीची बीपीची गोळी आणि नव्या कागदावरची गोळी आत एकच असते, पेशंट दोन्ही घेतो आणि तिसऱ्या दिवशी उभं राहताच चक्कर येऊन पडतो. जुनी कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून नावानिशी लिहून घ्या.

तपासा : दवाखान्यातून निघताना चार उत्तरं हातात आहेत ना? टाके कधी काढायचे, पहिली भेट कधी, पाणी किती प्यायचं, आणि रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा.

घरी आणताना पेशंटला मागच्या सीटवर बसवा. सीटबेल्ट लावायचाच, फक्त पट्टा आणि छाती यांच्यामध्ये ती उशी धरायची. लांबचा प्रवास असेल तर तासाभरानं गाडी थांबवून पेशंटला दोन-चार मिनिटं पायी चालवा. गतिरोधक आला की ड्रायव्हरनं "आला हं" असं नुसतं सांगितलं तरी पेशंटला उशी आवळून धरायला वेळ मिळतो.

## २. उठणं आणि बसणं : हे पहिल्याच दिवशी शिका

एक नियम लक्षात ठेवला तर बाकीचे निम्मे आपोआप पाळले जातात : कोपरं बरगड्यांजवळ ठेवायची. कोपर शरीराजवळ असताना हातानं केलेल्या कामाचा ताण हाडावर कमी येतो. कोपर लांब गेलं, मागे गेलं किंवा एकाच हातावर भार आला की कापलेल्या हाडाच्या दोन कडा एकमेकींपासून ओढल्या जातात.

पलंगावरून उठण्याचा क्रम असा :

१. पाठीवर असताना दोन्ही गुडघे वाकवा, पावलं गादीवर टेकवा.
२. उशी छातीशी दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी धरा.
३. खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोळतो तसे, कुशीवर वळा. आधी खांदा, मग कंबर असं पिळून नको.
४. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा. पायांच्या वजनानं धड वर यायला मदत होते.
५. श्वास सोडत बसते व्हा. श्वास कोंडून जोर करू नका.
६. कडेवर मिनिटभर बसा. चक्कर येत नाही याची खात्री झाली की मगच उभे राहा.

मदत करणाऱ्यानं हात कुठे लावायचा? पेशंटच्या पाठीमागे, दोन खवाट्यांच्या मध्ये तळवा पसरून आधार द्यायचा आणि दुसऱ्या हातानं पाय खाली घ्यायचे.

थांबा : दंड धरून, काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढायचं नाही. पेशंटनं पलंगाला दोरी किंवा साडी बांधून स्वतःला ओढून घ्यायचं नाही. हा प्रकार मी तीन घरांत पाहिला आहे, तिन्ही ठिकाणी "सोपं पडतं म्हणून".

खुर्चीतून उठताना आधी कडेपर्यंत पुढे सरका, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, पुढे झुका आणि पायांच्या ताकदीनं उठा. हात मांडीवर राहू द्या. मांड्यांत ताकद नसेल तर उंच खुर्ची घ्या.

झोपायला पहिले काही आठवडे पाठीवर, पाठीशी उशांचा उतार करून. कुशीवर वळून दुखत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर काही आठवड्यांनी कुशीवर झोपता येतं. पालथं झोपायचं नाही.

## ३. श्वास आणि खोकला

दवाखान्यातून तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र देतात. दहातले निदान पाच पेशंट त्यात फुंकतात. फुंकून गोळ्या वर जात नाहीत, मग "यंत्र बिघडलंय" म्हणून ते टीव्हीवर जाऊन बसतं. ते फुंकायचं नाही, ओढायचं आहे, स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो तसं.

१. ताठ बसा. आडवं पडून काही उपयोग नाही.
२. आधी श्वास सहज बाहेर सोडा.
३. नळी ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढा. गोळ्या झटक्यात वर उडवण्यापेक्षा एखाद-दुसरी गोळी दोन-तीन सेकंद वर धरून ठेवणं महत्त्वाचं.
४. नळी काढा, श्वास सोडा, दोन साधे श्वास घ्या.
५. असं दहा वेळा, जागेपणी दर तासाला.

दहा झाले की उशी छातीशी आवळून दोनदा खोका. हाडाला आतून धक्का बसतो म्हणून पेशंट खोकला दाबतात, कफ आत साचतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो. उशी धरून खोकल्यानं हाड सुटत नाही. शिंक, उचकी, हसू यांनाही उशी. नातवाला सांगून ठेवा, आजोबांना हसवायचं असेल तर आधी उशी द्यायची.

कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोराचे प्राणायाम बारा आठवडे बंद. पुढेही विचारूनच.

## ४. चालणं

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सपाट जागेवर पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. रोज मिनिट-दोन मिनिटं वाढवत न्या. सहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकांना सलग अर्धा तास जमतो.

वेगाचं माप घड्याळात नसून बोलण्यात आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांनी धाप लागत असेल तर वेग कमी करा. जेवणानंतर तासभर नको, भर दुपारच्या उन्हात नको. पहिले दोन आठवडे सोबत कुणीतरी असू द्या.

जिन्याबद्दल घरोघरी भीती असते. एक मजला सावकाश चढणं बहुतेकांना चालतं, आणि बऱ्याच दवाखान्यांत घरी सोडण्याआधी जिना चढवून पाहतात. कठड्याला हात फक्त तोल सांभाळायला. कठडा धरून स्वतःला वर ओढणं म्हणजे पुन्हा तेच, हाडाला ताण.

तपासा : दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर अंग मोडून आल्यासारखं वाटतंय? मग काल जास्त झालं. आज कालच्या निम्मं चाला, बंद करू नका.

## ५. जखम, अंघोळ आणि पाय

डॉक्टरांनी परवानगी दिली की कोमट पाण्यानं, स्टुलावर बसून अंघोळ. बादली दुसऱ्यानं भरून ठेवायची. साबणाचा फेस जखमेवरून नुसता ओघळू द्या, घासू नका, मऊ कापडानं टिपून कोरडं करा. हळद, खोबरेल तेल, पावडर, घरचा मलम, देवाचा अंगारा यांतलं काहीही जखमेवर नको. खपली खाजली तरी तशीच राहू द्या.

बायकांना हे कुणी सांगत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. स्तनांच्या वजनानं जखमेच्या दोन्ही कडा बाजूला ओढल्या जातात आणि दुखणं वाढतं. पुढून उघडणारी, सुती, तार नसलेली ब्रा दिवसा आणि रात्रीही घाला, ती घट्ट करकचणारी नसावी. जखम तिच्या पट्टीखाली येत असेल तर मधे स्वच्छ मऊ कापड ठेवा. डोक्यावरून घालायचे कपडे काही आठवडे बाजूला.

बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर त्या पायाला सूज येतेच. बसताना पाय स्टुलावर घ्या, आडवे असताना उशीवर, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नका. दिलेले मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घाला. सूज चढल्यावर घातले की वर पट्टा रुततो.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते जेवणामुळे वाढलेलं नसतं, अंगात पाणी साचलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

## ६. दुखण्याच्या गोळ्या

"जास्त गोळ्या नकोत बाई, सहन होतंय" असं म्हणणारे काका मला काळजीत टाकतात. दुखतं म्हणून ते वरवरचा श्वास घेतात, खोकत नाहीत, चालत नाहीत, आणि मग कफाचं दुखणं लागतं. पहिले दहा-पंधरा दिवस लिहून दिलेली दुखण्याची गोळी ठरलेल्या वेळी घ्या. दुखणं चढेपर्यंत थांबू नका. चालण्याच्या आणि श्वासाच्या व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतलेली गोळी सगळ्यात कामी येते.

थांबा : औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं ब्रुफेन, व्होवेरान, कॉम्बिफ्लाम आणू नका. बायपासनंतर या जातीच्या वेदनाशामकांनी हृदयाला आणि किडनीला धोका वाढतो. सोबत रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्रावाची भीती असते. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आहे हे लोकांना ठाऊक असतं, त्यात आयब्युप्रोफेनही आहे हे ठाऊक नसतं.

ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही. धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा रक्ताच्या तपासणीवर ठरते. त्या गोळीवर असताना पालेभाजी सोडायची नसते, पण दर आठवड्याला साधारण सारखीच खायची असते. एक आठवडा रोज पालक आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असं केलं की तपासणीचे आकडे हलतात.

बद्धकोष्ठाकडेही इथेच पाहून घेऊ, कारण काही वेदनाशामकांनी तो वाढतो. कुंथणं टाळायचं आहे. इसबगोल किंवा सौम्य औषध डॉक्टरांना विचारून सुरुवातीपासूनच घ्या. पाण्यावर बंधन असेल तर इसबगोलाआधी ते सांगा.

## ७. छातीत दुखतंय : कशाचं?

ऑपरेशनाआधी छातीत दुखणं म्हणजे हृदय, एवढंच समीकरण होतं. आता छातीत दुखायला निदान पाच जागा आहेत. लोक दोन टोकांना जातात. काही जण प्रत्येक कळीला ॲम्ब्युलन्स बोलावतात, काही जण खरी धोक्याची कळ "टाक्यांचं असेल" म्हणून रात्र काढतात. पहिली चूक परवडते, दुसरी नाही.

दुखलं की वहीत तीन गोष्टी लिहा : कुठे, काय करताना सुरू झालं, कशानं थांबलं.

हाडाचं आणि स्नायूंचं. मधोमध किंवा खांदे, मान, दोन खवाट्यांमध्ये. हलल्यावर, खोकल्यावर, कूस बदलल्यावर वाढतं, स्थिर बसलं की उतरतं. एका बोटानं जागा दाखवता येते. पाठ दुखते म्हणून लोक घाबरतात, पण ऑपरेशनात बरगड्या बराच वेळ फाकवून ठेवलेल्या असतात, त्याचा हा हिशेब. हे दुखणं आठवड्यागणिक कमी होत गेलं पाहिजे. पाठीला, जखमेपासून लांब, कोमट शेक आणि खांदे गोल फिरवणं यांनी आराम पडतो. खांदे अजिबात न हलवता पुढे झुकून बसणाऱ्यांची मान आणि खांदे आखडतात.

नसेचं, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूचं. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, भाजल्यासारखं, शर्टाचं कापड लागलं तरी झोंबणं. बायपाससाठी छातीच्या भिंतीच्या आतल्या बाजूची धमनी वापरतात, तेव्हा जवळच्या बारीक नसा दुखावतात. हे महिनोन्महिने टिकू शकतं. धोकादायक नाही, पण झोप मोडत असेल तर सांगा, यासाठी वेगळं औषध असतं.

हृदयाभोवतीच्या पडद्याचं. ऑपरेशनानंतर पहिल्या काही आठवड्यांत कधीही. टोचल्यासारखी कळ, आडवं पडल्यावर आणि खोल श्वास घेताना वाढते, पुढे वाकून बसलं की हलकी होते, सोबत बारीक ताप. इथे बरेच जण फसतात, कारण आधीचे चार दिवस बरे गेलेले असतात. औषधानं बरं होतं, पण दुर्लक्ष केलं तर हृदयाभोवती पाणी साचू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

हाड नीट न जुळल्याचं. वळताना किंवा खोकताना छातीत कट्-कट् आवाज, हाडाच्या दोन कडा घासल्यासारखं वाटणं. तळवा छातीवर सपाट ठेवून हलकेच खोका. खाली काही सरकल्यासारखं जाणवलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. आवाजासोबत जखमेतून पाणी किंवा पू, लाली, १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर ताप, यांतलं काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका. मधुमेह्यांमध्ये हा जंतुसंसर्ग जास्त होतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं हा जखमेचाच उपचार समजा.

हृदयाचं. दाब, आवळल्यासारखं, छातीवर कुणी बसल्यासारखं. बोटानं दाखवता येत नाही, अख्खा तळवा छातीवर फिरतो. चालताना किंवा जिन्यात येतं, थांबल्यावर उतरतं, हात, जबडा किंवा पाठीत जातं. पेशंटला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच : "ऑपरेशनाआधी व्हायचं तसंच होतंय का?" उत्तर "हो" असेल आणि चालायचं थांबल्यावर दुखणं लगेच उतरत असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मधुमेह असलेल्यांना छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप, दरदरून घाम, मळमळ एवढंच होऊ शकतं.

थांबा. १०८ ला फोन करा, उद्याची वाट नको :

- आवळल्यासारखं दुखणं विश्रांती घेऊनही थांबत नाही, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ.
- अचानक धाप लागली, श्वास घेताना कळ, थुंकीत रक्त. पोटरी एकाच बाजूला ताठ, दुखरी, गरम असेल तर पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका.
- धडधड आणि सोबत चक्कर किंवा बेशुद्धी.
- तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं अडखळतंय.

अशा वेळी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, स्कूटरवर मागे बसवूनही नेऊ नका. घरात पडलेली जिभेखालची जुनी गोळी "आधी देऊन बघू" म्हणून देऊ नका. डॉक्टरांनी या ऑपरेशनानंतर ती लिहून दिली असेल तरच द्या, आणि पेशंटला बसवून द्या.

नुसती धडधड, नाडी वेडीवाकडी लागणं हे पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. कळवायचं मात्र त्याच दिवशी.

## ८. तिसऱ्या आठवड्याचा सापळा

जास्तीत जास्त घोटाळे विसाव्या दिवसाच्या आसपास होतात. टाके निघालेले, भूक परतलेली, चालणं जमतंय. वरची कातडी जुळलेली दिसते म्हणून आतलं हाडही जुळलं असं वाटतं. आतलं अर्धवटच जुळलेलं असतं.

आठ आठवडे उचलण्याची मर्यादा दोन-तीन किलो धरा, आणि तेही दोन्ही हातांनी, शरीराजवळ. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते, घरगुती गॅसच्या टाकीत नुसता गॅसच १४.२ किलो. दोन वर्षांचा नातू दहा-बारा किलोंचा असतो आणि तो न विचारता अंगावर उडी मारतो. आजोबांनी खुर्चीत बसायचं, मग नातवाला दुसऱ्या कुणी मांडीवर आणून द्यायचं.

वजन नसलेली पण तितकीच वाईट कामंही आहेत. दुकानाचं शटर ओढणं, हातपंप, ओली चादर पिळणं, फरशी पुसणं, झाकण अडकलेला कुकर, जड दार ढकलणं, माळ्यावरून काही काढणं. पुरुषाला तीन महिने कुणी ग्लास उचलू देत नाही. बाई मात्र पंधराव्या दिवशी ओट्यापाशी दिसते. "काही नाही हो, नुसती कणीक मळली." कणीक मळताना अंगाचा भार दोन्ही तळव्यांतून छातीच्या हाडावर जातो. विळीवर नारळ खवणं, पाटा-वरवंटा ही त्याच जातीची कामं. उभ्यानं भाजी निवडणं, फोडणी देणं, ताटं वाढणं चालतं. घरातल्या पुरुषांनी हा परिच्छेद मोठ्यानं वाचावा अशी माझी इच्छा आहे.

कामावर परतणं : बैठं काम सहा ते आठ आठवड्यांनी, सुरुवातीला अर्धा दिवस. अंगमेहनतीचं, शेतीचं, ओझ्याचं काम बारा आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांनी तपासूनच. चारचाकी सहा आठवड्यांआधी नको. दुचाकीसाठी मी बारा आठवडे धरायला सांगते. खड्ड्यात हँडलला बसणारा झटका थेट छातीत येतो, आणि पडलात तर हात पुढे करूनच पडणार. दंड-बैठका, सूर्यनमस्कार, पोहणंही बारा आठवड्यांनंतर. शरीरसंबंधांबद्दल कुणी विचारत नाही, पण प्रश्न सगळ्यांना असतो : दोन मजले धाप न लागता चढता आले आणि हाडावर भार येणार नाही अशी बेतानं काळजी घेतली तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हरकत नसते.

## ९. जेवण आणि भेटायला येणारे

पंधरा दिवस नुसती पेज आणि मुगाचं वरण यावर जखम भरत नाही. भूक कमी असते, तोंडाला चव नसते, म्हणून थोडं-थोडं पाच-सहा वेळा द्या. प्रत्येक वेळी डाळ, उसळ, पनीर, अंडं, मासा यांतलं काहीतरी असू द्या. मीठ कमी : पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी बंद. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी अशक्त असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रोजची दोन शहाळी त्रास देऊ शकतात. आधी विचारा, मग दिवाणखान्यात ढीग रचा.

भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या. सर्दी-खोकला असलेल्यांना दारातूनच चहा पाजा. पेशंट चिडचिडा झाला, उगाच रडू आलं, रात्री भलती स्वप्नं पडली, नावं आठवेनाशी झाली तर तो नाटक करत नाही. हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. दीड महिन्यानंतरही तसंच असेल, किंवा गोळ्या आणि जेवणच नको म्हणत असतील, तर डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांगा, पाठीमागे नको.

## १०. सहाव्या आणि बाराव्या आठवड्याची भेट

वही सोबत न्या : वजन, बीपी, नाडी, चालण्याची मिनिटं, दुखण्याच्या नोंदी. नुसतं "बरं आहे" म्हणून परत येऊ नका. सहाव्या आठवड्यात विचारा : हाड हाताला घट्ट लागतंय का, वजनाची मर्यादा किती वाढवायची, कोणती गोळी कधीपर्यंत. मोठ्या शहरातल्या काही दवाखान्यांत हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायामाचे वर्ग असतात, तिथं नाव घालायचं का तेही विचारून घ्या.

बारा आठवड्यांनंतर नियम एकदम सुटत नाहीत. आठवड्याला किलो-दोन किलो असं उचलणं वाढवा. हात डोक्याच्या वर नेण्याचे, खांदे मागे घेण्याचे व्यायाम रोज करा, कारण तीन महिने जपून वागल्यानं पाठ पुढे वाकलेली असते.

तारा बहुतेकांच्या छातीत कायम राहतात. बारीक माणसांना कातडीखाली त्यांची गाठ बोटाला लागते, त्याला घाबरू नका. एमआरआय करायची वेळ आली तर तारा आहेत हे आधी सांगा, त्या सहसा आड येत नाहीत. आणि पहिल्या थंडीत पहाटे हाड ठसठसलं तर वहीतले तेच तीन प्रश्न : कुठे, काय करताना, कशानं थांबलं.